बाबू गेनू नसलेली मुंबई

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. मुंबईच्या काळबादेवी भागातून परदेशी कापडाने भरलेला एक ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तात निघाला. मिठाच्या सत्याग्रहाला आठ महिने झाले होते आणि परदेशी मालावरच्या बहिष्काराने शहर ढवळून निघालं होतं. स्वयंसेवक एकामागून एक रस्त्यात आडवे होत, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत, की लगेच दुसरे त्यांची जागा घेत. त्यांच्यात आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद होता. गरीब शेतकऱ्याघरचा पोर, पोटासाठी मुंबईला आलेला गिरणी कामगार, वय बाविशीचं. तो हटला नाही. हिंदी चालकाने गाडी पुढे घ्यायला नकार दिला आणि मग गोऱ्या सार्जंटने चाक स्वतःच्या हाती घेतलं, अशी हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ट्रक बाबूच्या अंगावरून गेला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. १२ डिसेंबर आजही स्वदेशी दिन म्हणून पाळला जातो.

याच मुंबईत मराठी साहित्यातला एक माणूसही फिरून आला आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरातल्या मुलांना ती ठाऊक आहे. पुण्याच्या रस्त्यात गंगाधरपंतांना ट्रकची धडक बसते. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात पानिपतचा विचार चालू असतो आणि ते एका निराळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले, देश गुलाम झाला नाही, हळूहळू लोकशाही आली. इंग्रज उरले ते फक्त मुंबईत, भाडेपट्ट्याने, व्यापारापुरते. गंगाधरपंत बोरीबंदरला उतरून हॉर्नबी रोडने चालू लागतात, तेव्हा हातमागाच्या कापडाचं ओळखीचं हँडलूम हाऊस त्यांना दिसत नाही. त्या जागी विलायती दुकानं उभी असतात.

हँडलूम हाऊस नसलेली मुंबई म्हणजे बाबू गेनू नसलेली मुंबई. ज्या देशाने पारतंत्र्य पाहिलंच नाही, त्याला स्वदेशीसाठी मरणारा माणूस लागत नाही. नारळीकरांनी या कथेत राष्ट्राच्या स्वाभिमानाविषयी फार मोठा प्रश्न विचारला आहे. स्वतःच्या पायावर उभा राहिलेला देश कसा दिसला असता? मला मात्र त्या प्रश्नाच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावासा वाटतो. इतिहासाचा काटा कोण फिरवतं? पानिपतावरच्या राजपुत्राच्या कानाशी आलेली गोळी, की काळबादेवीतल्या ट्रकसमोरचा मजूर? आपल्या पडद्यावरच्या भविष्यकथांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर त्यांची ताकद आणि त्यांची उणीव दोन्ही उघड होतात.

कीचक, प्रधान आणि कोतवाल

आजच्या सत्तेविषयी बोलायचं आणि नाव मात्र दुसऱ्याच काळाचं घ्यायचं, ही विद्या मराठी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पण प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि दात-ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल. सरकारलाही ते कळलं. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने या नाटकाची धास्ती आपल्या पुस्तकात नोंदवली आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाटकात कर्झनचं नाव एकदाही येत नाही. ते प्रत्येक प्रेक्षकाने आपल्या मनात घालायचं होतं, आणि म्हणूनच बंदी घालण्याइतकी धार त्या प्रयोगाला आली.

जुन्नर आणि आंबेगावच्या टापूत तर हे शिक्षण जत्रेत मिळतं. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. गण, गौळण, बतावणी झाली की वग उभा राहतो. वगातला राजा सिंहासनावर बसतो. सिंहासन म्हणजे बहुतेक वेळा एक साधी खुर्ची. तो प्रधानाला राज्याची हालहवाल विचारतो. प्रधान सांगतो की प्रजा सुखी आहे. मग सोंगाड्या मध्येच तोंड घालतो आणि प्रजा म्हणजे कोण, असं विचारून रॉकेलच्या रांगेपासून अडलेल्या सातबाऱ्यापर्यंत सगळा पाढा वाचतो. समोर पहिल्या रांगेत सरपंच बसलेला असतो, शेजारी तलाठी. राज्य कोण्या एका नगरीचं असतं, पण हशा नेमका कोणत्या खुर्चीकडे बघून येतो हे सगळ्या गावाला दिसतं. वसंत सबनीसांनी १९६५ मध्ये हाच बाज ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये शहरी रंगभूमीवर आणला आणि दादा कोंडक्यांनी तो घराघरात पोचवला.

या परंपरेत दोन गोष्टी ठळक आहेत. एक, रूपक नेहमी भूतकाळाच्या पोशाखात येतं. दुसरी, त्यात तळातला माणूस हजर असतो आणि तोच बोलतो. सोंगाड्याशिवाय वग उभा राहत नाही.

अमेरिकेतली अडचण

टीव्हीवर हेच काम भविष्याच्या पोशाखात करता येतं, हा शोध अमेरिकेत अडचणीतून लागला. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी खून केला आणि आरोपी निर्दोष सुटले. रॉड सर्लिंग या लेखकाने त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहायला घेतलं. जाहिरातदारांनी त्यात इतकी कापाकापी केली की १९५६ मध्ये ते प्रसारित झालं तेव्हा दक्षिणेचा मागमूस उरला नव्हता. कोका-कोलाची बाटली दक्षिणेची आठवण करून देते म्हणून तीसुद्धा दृश्यातून काढायला लावली होती. या अनुभवातून सर्लिंगने १९५९ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू केली. जे शेजारचा माणूस बोलू शकत नाही ते परग्रहावरचा माणूस बोलू शकतो, हे त्याने ओळखलं होतं. तिच्या १९६० मधल्या एका भागात एका साध्या गल्लीतले दिवे जातात, परग्रहवासी आपल्यातच लपलेत अशी आवई उठते आणि रात्र संपायच्या आत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो. कम्युनिस्ट शोधून काढण्याचं मॅकार्थीचं भूत अमेरिकेच्या मानेवरून तेव्हा नुकतंच उतरलं होतं. त्या भागातली गल्ली प्रेक्षकांच्या घराबाहेरचीच होती.

१९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ आली. यानाच्या दालनात कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी, जपानी वंशाचा चालक आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन तरुण एकत्र बसवणं ही त्या काळी उघड राजकीय भूमिका होती. १९६९ मधल्या एका भागात एकाच ग्रहावरच्या दोन जमाती एकमेकांचा सत्यानाश करतात. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. फरक एवढाच की एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी. ब्रिटनमध्ये तर त्याआधीच, १९६३ च्या डिसेंबरात, ‘डॉक्टर हू’मधल्या डॅलेकांच्या रूपाने नाझींची वंशशुद्धीची भाषा घराघरात पुन्हा ऐकू आली होती. लंडनवर पडलेल्या बॉम्बच्या आठवणी असलेल्या आईबापांना आपल्या पोरांच्या शेजारी बसून ते पाहताना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसणार.

आर्वीची तबकडी

आता परत जुन्नर तालुक्यात. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ साली देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूस्थानक सुरू झालं. जवळपास तीस मीटर व्यासाची ती प्रचंड तबकडी हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. परदेशी दूरध्वनी, टेलेक्स आणि टीव्हीची चित्रं त्या तबकडीतून देशात येऊ-जाऊ लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विक्रम साराभाई गेले आणि स्थानकाला त्यांचं नाव मिळालं. साराभाईंचं स्वप्न अगदी स्पष्ट होतं. उपग्रहाने थेट खेड्यात टीव्ही पोचवायचा आणि शेती, आरोग्य, शिक्षण यांसाठी वापरायचा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत हा ‘साइट’ प्रयोग झाला. तेव्हा देशात आणीबाणी होती. एका हाताने सरकार खेड्यापर्यंत चित्र पोचवत होतं आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्रांचे मथळे तपासत होतं. भारतीय टीव्हीच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा स्वभाव या एका वर्षात दिसून येतो. भविष्य दाखवायचं, पण ते कसं असावं हे सरकारने ठरवायचं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर अडीच महिन्यांत, १६ डिसेंबरला, पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. सत्ता आपल्या सोयीसाठी एक कोतवाल उभा करते, तो डोईजड झाला की जमावाच्या हाती देते, ही गोष्ट पेशवाईची म्हणून सांगितली गेली आणि आजची म्हणून ऐकली गेली. वादळ उठलं, प्रयोग थांबवले गेले, पुन्हा सुरू झाले. रंगभूमी ही जोखीम घेऊ शकत होती, कारण ती सरकारच्या मालकीची नव्हती. दूरदर्शन होतं.

१९८२ हे वर्ष मला या सगळ्या कथेचा कणा वाटतं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत जुन्नर, आंबेगाव, खेडकडची कितीतरी घरं होती. बाबू गेनू ज्या वाटेने मुंबईला गेला त्याच वाटेने पुढच्या दोन पिढ्या गिरणगावात गेल्या होत्या. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि एशियाडच्या निमित्ताने पडदा रंगीत झाला. देशाला स्वतःचं नवं, झळझळीत चित्र मिळालं आणि त्या चित्राच्या चौकटीबाहेर गिरणगाव विझत गेलं. रिकाम्या हाताने गावाकडे परतलेल्या कामगारांनी पुढे सरपंचाच्या किंवा सोसायटीच्या टीव्हीवर जे भविष्य पाहिलं, त्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती.

कॅप्टन तारा ते कॅप्टन व्योम

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अवकाशात गेले. इंदिरा गांधींनी टीव्हीवरून त्यांना विचारलं की वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी इक्बालांच्या गीताची ओळ सांगितली. त्या एका संभाषणाने जे केलं ते कुठल्याही काल्पनिक मालिकेला जमलं नसतं. अवकाशातून पाहिलेला देश एकसंध आणि सुंदर होता. त्याच वर्षाच्या जूनमध्ये अमृतसरला सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं, ऑक्टोबरात पंतप्रधानांची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांची कत्तल झाली. वरून जे दिसत नव्हतं ते जमिनीवर घडत होतं.

याच दशकात ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवर दिसली. पण ज्या अडचणीतून ती जन्मली होती ती अडचण तिच्यासोबत आली नाही. व्हिएतनाम, वंशभेद, काळ्यांचा हक्कांचा लढा या संदर्भांशिवाय आपल्यापर्यंत पोचले ते यान, टोकदार कान आणि किरणांची बंदूक. आपल्याकडे जो ‘स्टार ट्रेक’चा वारसा आला तो या वरवरच्या रूपाचा होता. १९८९ मध्ये ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. कॅप्टन तारा आणि दुष्ट झखाकू यांची ती झुंज त्या पिढीच्या मुलांना अजून तोंडपाठ आहे. पुठ्ठ्याची यानं, चकाकते कपडे, आणि तरीही पडद्यावर एक भारतीय नाव असलेला कप्तान अंतराळात हुकूम सोडतो याचा मुलांना झालेला आनंद खरा होता. त्याच सुमारास आनंद महेंद्रूंच्या ‘इंद्रधनुष’ने मुलांना काळातून प्रवास घडवला. त्यात गिरीश कर्नाडांसारखे नट होते. या मालिकांनी भारतीय मुलाला भविष्यात उभं केलं. ही कामगिरी मोठीच होती. पण त्या भविष्यात जात नव्हती, गिरणी नव्हती, धरणग्रस्त नव्हते आणि सोंगाड्याही नव्हता. शत्रू नेहमी बाहेरचा असे.

रूपकाची खरी लढाई तेव्हा भूतकाळाच्या मैदानात चालू होती. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. १९८८ च्या जानेवारीत गोविंद निहलानींची ‘तमस’ दाखवली जाऊ लागली, तेव्हा फाळणीतल्या दंगलीचं चित्रण नको म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला वाट करून दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. राष्ट्र म्हणजे कोण, हा वाद पडद्यावर इतका पेटलेला असताना भविष्यकथांच्या वाट्याला मात्र कधी साधी हरकतही आली नाही. त्यांनी हरकत घेण्यासारखं काही म्हटलंच नव्हतं.

१९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण नायक होते, निर्मिती आधीच्या मालिकांपेक्षा कितीतरी सफाईदार होती. त्या वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी कारगिल. देशाच्या मनात बलवान सैनिकाची मूर्ती पक्की होत होती आणि व्योम त्या मूर्तीत चपखल बसला. मला खंत वाटते ती दुसऱ्याच कारणाने. याच केतन मेहतांनी १९८० मध्ये ‘भवनी भवाई’ काढला होता. गुजरातच्या भवाई या लोकनाट्याचा बाज घेऊन त्यांनी अस्पृश्यतेवर, राजाच्या अन्यायावर आणि बंडावर जबरदस्त चित्रपट उभा केला होता. भूतकाळाच्या पोशाखात ज्या दिग्दर्शकाने तळातल्या माणसाला मधोमध उभं केलं, त्यालाही भविष्याच्या पोशाखात त्या माणसासाठी जागा करता आली नाही. दोष एका माणसाचा नाही. आपल्या पडद्याला भविष्य म्हणजे कप्तान, यान आणि जग वाचवणं एवढंच ठाऊक होतं.

भिंतींचा देश

तोवर जग पुढे गेलं होतं. इराक युद्धाच्या काळात, २००४ पासून, अमेरिकेत ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने आली. २००६ मध्ये तिच्यात माणसांची वस्ती शत्रूच्या ताब्यात जाते आणि प्रेक्षक ज्यांच्या बाजूने आहेत तेच लोक आत्मघाती हल्ले करायला लागतात. आपलं सैन्य बगदादमध्ये असताना अमेरिकन माणसाला बगदादच्या माणसाच्या जागी बसवणारी ही हिंमत होती. १७ मार्च २००९ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेचे निर्माते आणि कलावंत यांना बोलावून मानवी हक्क, दहशतवाद आणि युद्धातली मुलं या विषयांवर चर्चा झाली. एका अंतराळ मालिकेला मिळालेला तो मान तिच्या यानांसाठी नव्हता.

आपल्याकडे तशी हिंमत २०१९ च्या जूनमध्ये दिसली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारलेली ‘लैला’ नेटफ्लिक्सवर आली. दीपा मेहता तिच्या एक दिग्दर्शक होत्या. आर्यावर्त नावाच्या उद्याच्या देशात जमातींमध्ये भिंती उभ्या आहेत, पाणी श्रीमंतांसाठी आहे, आणि दुसऱ्या धर्मात लग्न केलेल्या शालिनीची मुलगी तिच्यापासून हिरावली गेली आहे. ती मुलगी शोधणाऱ्या आईच्या डोळ्यांनी आपण तो देश पाहतो. मालिका सगळ्यांना पटली असं नाही. ती हिंदूंची बदनामी करते अशा तक्रारी झाल्या, बाजूने आणि विरुद्ध भरपूर बोललं गेलं. पण भारतीय भविष्यकथेवर पहिल्यांदाच ‘कीचकवध’सारखा वाद झाला आणि तो होणं मला निरोगी लक्षण वाटतं. भारतीय पडद्यावरच्या उद्यामध्ये आजचं नाव प्रेक्षकांनी पहिल्यांदाच स्वतः घातलं. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्ससारख्या मंचांचा कारभार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे नियम आले. तेव्हापासून निर्माते जपून पावलं टाकतात.

मराठीत मात्र ही वाट अजून पडलेली नाही. १९७४ मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला नवं बळ आलं. २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. नव्वदच्या दशकात त्यांनी ‘ब्रह्मांड’ या मालिकेतून दूरदर्शनवर विश्वाची ओळखही करून दिली. विज्ञान पडद्यावर आलं. विज्ञानकथेची मालिका मात्र मराठी वाहिन्यांच्या मुख्य प्रवाहात कधी रुजली नाही.

इथे काय पडलं आहे

सामग्री नाही, असं कोणी म्हणू नये. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. पाण्याने खालच्या भागातली शेती फुलली आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते महादेव कोळी आदिवासी वरच्या कडेला उरले. ज्या मजुराने परक्या सत्तेच्या ट्रकसमोर अंग टाकलं त्याच्या नावाच्या पाण्याखाली त्याच्याच तालुक्यातल्या गरिबांची घरं आहेत. राष्ट्र म्हणजे कोण आणि विकास कोणाचा, हा प्रश्न यापेक्षा नेमका कुठे मांडता येईल? ३० जुलै २०१४ ला याच तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं दगावली. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, पिलं घालतो, आणि संध्याकाळी अंगणात पोर एकटं सोडायला आई धजत नाही. पुढच्या पन्नास वर्षांचं जग कसं असेल याचे हे सगळे नमुने आजच इथे उघड्यावर आहेत.

आणि वर खोडद आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यावर आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. तबकडी जवळून पाहिली की चकित व्हायला होतं. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा त्यातून आरपार जातो, म्हणून एवढा प्रचंड सांगाडा कमी पोलादात आणि कमी खर्चात उभा राहू शकला. खाली टोमॅटोची आणि कांद्याची शेतं आहेत. मुंबई-पुण्याच्या रेडिओ गोंगाटाला डोंगरांचा आडोसा मिळतो, हे ही जागा निवडण्याचं एक कारण. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, इथे मोठं प्रदर्शन भरतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुलं, शेतकरी, बायाबापड्या हजारोंनी येतात. परदेशी तंत्राची नक्कल न करता स्वतःच्या गरजेतून आणि तुटपुंज्या पैशांतून काढलेली ही रचना जगाने मान्य केली. १९३० मधल्या स्वदेशीचा याहून चांगला वारस मला दुसरा दिसत नाही.

त्या प्रदर्शनाला येणाऱ्या पोरांना आपलं भविष्य कोणत्या पडद्यावर दिसणार आहे? आज त्यांच्या मोबाइलवर अमेरिकेचं भविष्य आहे, कोरियाचं आहे, आणि अधूनमधून दिल्ली-मुंबईच्या उंच इमारतींचं. त्यांच्या तालुक्याचं नाही. कुठल्याही समाजाला आपल्या उद्याविषयी दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टींवर फार काळ जगता येत नाही. तसा समाज हळूहळू दुसऱ्याचे प्रश्न आपले समजू लागतो आणि आपले प्रश्न मागासपणाचे समजून लपवू लागतो. बाबू गेनूने अडवलेल्या कापडामागेही हीच भीती होती. कापूस आपला, अंग आपलं आणि वस्त्र मात्र परक्याने ठरवायचं.

पैशांची अडचण सांगितली जाईल. ती मला मान्य नाही. ‘कीचकवध’ला अंतराळयान लागलं नव्हतं. वगाला एक खुर्ची पुरते. सर्लिंगच्या त्या भागात एक गल्ली, चार घरं आणि गेलेले दिवे एवढंच होतं. धारदार रूपकाला लागतो तो आपला प्रश्न, आणि तो विचारणारा तळातला माणूस. कप्तान खूप झाले. डिंभेच्या पाण्याखालच्या गावात शंभर वर्षांनी उतरणारी महादेव कोळी मुलगी, गिरणीच्या जागेवरच्या उद्याच्या शहरात पुन्हा काम शोधायला गेलेला महाळुंग्याचा तरुण, खोडदच्या तबकडीवर ऐकू आलेला आवाज आणि तो कोणी ऐकायचा यावरून मंत्रालय, वाहिन्या आणि गावकरी यांच्यात जुंपलेली भांडणं, अशा कथा मराठीत लिहिल्या जाऊ शकतात. त्या लिहायला मराठी वाहिन्यांनी पैसा लावावा, मराठी विज्ञान परिषदेने पूर्वी कथांसाठी घेतली तशी पटकथांसाठी स्पर्धा घ्यावी, आणि लेखनाच्या बैठकीला मुंबई-पुण्याच्या लेखकांच्या शेजारी घोडेगाव, मंचर आणि नारायणगावची माणसं बसवावीत, त्यांत तमाशाच्या फडातला एखादा सोंगाड्याही असावा.